बटणावरचं कुंकू

वणी
६ ऑक्टोबर २०२५

चि. रजत,

आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे आहेत तसेच आहेत. लॅपटॉप तेवढा गेला.

फोन का केला नाही, हा तुझा पहिला प्रश्न असणार. फोन दिवसभर तुझ्या मामांच्या उशाशी असतो, आणि मी बोलायला लागले की ते सगळं ऐकतात. फेब्रुवारीतल्या पक्षाघाताच्या झटक्यात उजवं अंग आणि जीभ गेली, कान मात्र शाबूत राहिले. लॅपटॉपचं नाव निघालं की त्यांचे डोळे भरतात, आणि ते मला बघवत नाही. म्हणून दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर ओट्यावर कागद ठेवून लिहिते आहे. तूही पत्रच लिही. मोबाइलवर पाठवलंस तर माझ्या आधी तेच वाचतील.

तू दिलेल्या लॅपटॉपवर सकाळ-संध्याकाळ धडा चालायचा, हे तुला ठाऊकच आहे. पडद्यावर चित्र यायचं, हे तो शब्द म्हणायचे, आणि यंत्र त्यांचा आवाज भरून ठेवायचं. पाणी, दार, भात. चित्र समोर असलं की अर्धामुर्धा शब्द निघतो. स्वतःच्या मनाने मात्र अजून एकही नाही. नागपूरच्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, जे काय यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं, पुढे अवघड होत जातं. फेब्रुवारीत वर्ष भरेल. आणि नेमका आता हा लॅपटॉप सुरू होईना. बटण दाबलं तरी पडदा काळाच. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.

काही झालं नाही, आपोआप बंद पडला. इथल्या दुकानात न्यावा तर यांना एकटं टाकून जाता येत नाही. शिवाय परक्याच्या हाती तो द्यायचा म्हटलं की हे मान हलवून नाही म्हणतात. तू शाळेची इतकी वर्षं आमच्याकडे काढलीस, तुझ्यावर त्यांचा भरवसा आहे. काय करायचं ते मला समजेल असं लिही.

तुझी मामी,
सुनीती


पुणे
११ ऑक्टोबर

प्रिय मामी,

नमस्कार. शाळा सुटल्यापासून हाताने एवढं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराबद्दल बोलू नकोस.

माझी नोकरी हीच आहे. आमच्या कंपनीत कुणाचा लॅपटॉप सुरू झाला नाही की तो मला फोन करतो, आणि मी विचारतो, "साहेब, प्लग लावलाय का?" निम्मे तिथेच बरे होतात. मोठमोठे साहेब असतात, त्यांना राग येतो. तुलाही येईल. तरी विचारतो.

चार्जर दुसऱ्या बोर्डात लावून बघ. फ्रिजच्या मागचा नको, तो माझ्या वेळेपासून ढिला आहे. पिन लॅपटॉपला लावली की कडेला बारीक दिवा लागतो का? लागत असेल तर चार्जर ठीक आहे. मग पिन काढून टाक आणि सुरू करायचं बटण दाबून धर, चांगलं पन्नास-साठ आकडे मोजेपर्यंत. सोड, पिन परत लाव, आणि एकदा साधं दाब. आत पंख्याची घरघर येते का, कान लावून ऐक. घरघर येते पण पडदा काळा, असं असेल तर पडद्यावर तिरकी बॅटरी मारून बघ, फिकट काही दिसतं का. आणि बटण दाबताना बोटाला टक असं लागतं का, तेही लिही.

कोणी काही सांगितलं तरी त्यातलं पुसायला कुणाला देऊ नकोस. मामांचा सगळा आवाज त्यात आहे. लॅपटॉपला इंटरनेट नव्हतं म्हणून तो आवाज मॅडमकडेही गेलेला नाही आणि माझ्याकडेही नाही.

आता शेवटचं. "काही झालं नाही, आपोआप बंद पडला" हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि आजवर एकदाही खरं निघालेलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस वं मामी. सांडलं, पडलं, काय असेल ते सांग. मामांना मी एक शब्द बोलणार नाही.

तुझा,
रजत


वणी
१५ ऑक्टोबर

चि. रजत,

आशीर्वाद. सगळं केलं. बारीक दिवा लागतो. बटण दाबून धरलं, मोजलं, सोडलं. घरघर नाही. बॅटरी मारून पाहिली, माझंच तोंड दिसलं आणि तेही काही बघण्यासारखं राहिलेलं नाही. बटणाला टक वगैरे काही नाही. ओल्या पापडावर बोट ठेवल्यासारखं लागतं. हे सगळं मी मोरीत दार लावून केलं, नाहीतर यांनी पाहिलं असतं. शेजारच्या मानीबाईला वाटलं मी मोबाइलवर बोलते आहे. तिने दारातूनच विचारलं, "काहून वं, मोरीत कोनाशी बोलून राह्यली?" तिला काय सांगणार, आकडे मोजते आहे म्हणून?

बरं, आता भांडं काढते.

खंडेनवमीला झालं. तुला आठवत असेल, खाणीच्या वर्कशॉपात तुझे मामा फोरमन होते तेव्हा पूजा कशी व्हायची. पाने-पकडी धुऊन मांडायच्या, मोठाल्या डंपरना झेंडूच्या माळा घालायच्या, आणि बाकीचे बोनटवर कुंकू लावून मोकळे होत तेव्हा हे बोनट उघडायला लावायचे. "बोनटले कुंकू लावून काय होते? देव इंजिनात बसते," असं म्हणायचे. निवृत्त झाले तरी घरी दरवर्षी स्वतःची हत्यारं मांडून तशीच पूजा करत आले.

या वर्षी मी सगळं मांडलं. त्यांचे पाने, माझं शिलाईचं मशीन, विळी. यांनी डाव्या हाताने लॅपटॉप दाखवला. आता हेच आपलं हत्यार, असं त्यांच्या मनात असावं. मला ते पटलं. मी झाकण लावून पाटावर ठेवला तर यांनी मान हलवली. उघडायला लावला. मग आंब्याच्या पानाने त्यावर पाणी शिंपडलं, आणि ओल्या कुंकवात बोट बुडवून टिळा कुठे लावला असेल? सुरू करायच्या बटणावर. डावा हात, त्यात कापरा. कुंकू बटणाच्या चहूबाजूंनी आत उतरलं. वर अक्षता टाकल्या. मी हात धरला नाही रे. आठ महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं, मी कशाला हात धरू?

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, लॅपटॉप सुरू झाला नाही, आणि यांना कळलं आपल्याच हाताने झालं. तेव्हापासून तोंड उघडत नाहीत. चित्रांचं पुस्तक काढून दाखवलं तरी मान फिरवतात. पूर्वी अर्धा शब्द तरी निघायचा, आता तोही नाही. म्हणून तुला सांगितलं नव्हतं. तू हसला असतास, आणि ते फोनवर ऐकू गेलं असतं.

सुनीती


पुणे
२० ऑक्टोबर

प्रिय मामी,

हसलो. खोटं कशाला सांगू? कामावर होतो, बाजूच्या टेबलवरचा अक्षय विचारायला लागला काय झालं, तर त्यालाही वाचून दाखवलं. मग पुढचं वाचलं आणि हसल्याची लाज वाटली.

ऐक, बिघाड बहुतेक मोठा नाही. बटणाखाली कुंकू वाळून घट्ट झालंय, आणि पाणी थोडं पुढे गेलं असेल. पण बटण आता अजिबात दाबू नकोस, पिनही लावू नकोस. ओल आत असताना वीज दिली की जे वाचलंय तेही जातं. उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडायचं तर लॅपटॉप माझ्यासमोर हवा. दिवाळीला मला सुट्टी नाही. आमच्या साहेबांच्या देशात दिवाळी नसते.

तिकडून पुण्याला ट्रॅव्हल्स येतात, ड्रायव्हरकडे पार्सल दे. गोधडीत गुंडाळ, मधे काही कडक ठेवू नकोस. आणि मामांना सांग की रजत म्हणाला, असं माझ्याकडे रोज येतं, लोक तर चहा ओततात. कुंकू लावणारे मामाच पहिले.

रजत


वणी
२८ ऑक्टोबर

चि. रजत,

देवसिंगच्या हाती लॅपटॉप पाठवला आहे. तो आपल्याच गल्लीत राहतो, रात्रीची ट्रॅव्हल्स चालवतो. घरी येऊन घेऊन गेला. "काकू, मांडीवर घेऊन नेतो म्हना ना," असं म्हणाला. मांडीवर घेऊन गाडी कशी चालवणार ते देव जाणे. सोबत शंकरपाळे आहेत, ते वेगळ्या डब्यात.

पार्सल बांधताना हे बघत होते. तू सांगितलेलं मी सांगितलं, लोक चहा ओततात म्हणून. ऐकून भिंतीकडे वळले. दिवाळी झाली एकदाची. पणत्या लावल्या, मानीबाई फराळ देऊन गेली. घर इतकं गप्प आहे की कोळशाच्या ट्रकांचा आवाज आला तर बरं वाटतं.

मी बरी आहे. पाठ धरली आहे, पण ती धरतेच.

सुनीती


पुणे
५ नोव्हेंबर

प्रिय मामी,

लॅपटॉप पोचला, उघडला, सुरू झाला. आधी हे सांगून टाकतो. बटणाखालून कुंकू निघालं, अक्षतांचे दाणेही निघाले. बटणाची पट्टी बदलली, आतलं पुसून वाळवलं. काहीही गेलेलं नाही. मामांना सांग, तेवढ्यात भागलं.

दुसरं सांगू की नको, याचा मी रोज विचार करतोय. तू रागावशील. पण फेब्रुवारी जवळ येतोय.

सगळं शाबूत आहे का बघायचं म्हणून मी मामांची रेकॉर्डिंग लावली. मार्चपासूनची. याआधी मी ती एकदाही ऐकली नव्हती, कुणीच ऐकली नव्हती. रविवारी सकाळी बसलो तो दुपारी उठलो. मामी, त्या सगळ्यांत तुझाच आवाज आहे. मामा म्हणतात "पा", आणि लगेच तू म्हणतेस "पाणी, हो, पाणी, झालं." मामा "दा" म्हणतात, तू "दार" म्हणतेस. कितीतरी वेळा त्यांनी तोंडही उघडलेलं नसतं. मागून कुकरची शिटी येते, नळाचं पाणी येतं, आणि तू शब्द पुरा करून टाकतेस. तुला ते कळतही नसेल.

एक मात्र वेगळी आहे. जुलैतली. त्या दिवशी तू बहुतेक अंगणात होतीस. पडद्यावर कप आला असणार. मामा "च" म्हणाले आणि थांबले. इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं रेकॉर्डिंग अडकलं. नुसता श्वास ऐकू येतो. मग "च" परत. आणि मग "चहा". अख्खा, स्वच्छ. ऐकायला तिथे कोणीच नव्हतं.

त्यांना येतं, मामी. वेळ लागतो फक्त. तू जरा थांबत जा.

रजत


वणी
१० नोव्हेंबर

रजत,

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

तू रविवारी खुर्चीत बसून ऐकलंस. तुला त्या वेळी दुसरं काय काम होतं? मी थांबायचं म्हणतोस. कधी थांबू? सकाळी यांना उठवायचं, मोरीत न्यायचं, आंघोळ घालायची. चांगला धिप्पाड माणूस आहे, तू पाहिलेला आहेस. मग हात-पाय चोळायचे, गोळ्या, घास भरवायचा. ठसका लागू नये म्हणून घशाकडे बघत राहायचं. त्यात धडा. त्यांचा "पा" चा "पाणी" होईपर्यंत गॅसवरचं दूध उतू जातं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मूल नाही आम्हाला, एक तू होतास, तो पुण्यात. तुझं हे पत्र मी टाकून दिलं होतं केरात, मग परत काढलं.

आणि वाचलंच आहेस इतकं, तर हेही वाच. लॅपटॉप सुरू होईना त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं, पडदा काळा, आणि माझ्या मनात आधी आलं ते हे, की चला, आज धडा नाही. हे खाटेवर रडत होते आणि मला बरं वाटत होतं. घाबरून तुला पत्र लिहिलं ते चार दिवसांनी. तोवर मी कुणाला काही बोलले नाही.

दमले आहे रे मी. त्यांनी बोलावं असं मला वाटत नाही असं नाही. माझ्याइतकं कुणाला वाटत असेल? नवरा मुका झाला की बायकोच्या बोलण्यालाही घरात कोणी राहत नाही. पण शब्द पुरा केला की तो धडा संपतो, आणि मला पुढच्या कामाला लागता येतं. एवढंच आहे ते.

सुनीती


पुणे
१५ नोव्हेंबर

प्रिय मामी,

तुझं बरोबर आहे. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

लॅपटॉप माझ्याकडेच आहे. देवसिंग दर आठवड्याला येतो, तू म्हणशील तेव्हा त्याच्याकडे देईन. नको म्हणशील तर राहू दे. साहेबांशी भांडून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची सुट्टी घेतली आहे. मी येतो. मामांचं सगळं मी करीन. तू तुझ्या बहिणीकडे नेरला जा, नाहीतर घरातच पडून राहा, मला काही विचारू नकोस.

रजत


वणी
२७ नोव्हेंबर

चि. रजत,

आशीर्वाद. डिसेंबरात नक्की ये. नेरला जाईन असं म्हणते, अजून ठरलं नाही. लॅपटॉप येताना तूच घेऊन ये. त्यासाठी देवसिंगला त्रास नको.

मागच्या पत्रात फार बोलले, ते तू मनावर घेतलं असशीलच. घे. थोडं खरंही होतं.

परवाची गोष्ट सांगते. माझ्या बहिणीने नेरहून तुरीच्या ओल्या शेंगा पाठवल्या होत्या. दुपारचं जेवण आटोपून मी यांच्या खाटेपाशी खाली बसून शेंगा सोलत होते. अंगात कणकण होती, आदल्या दिवशी यांची खाट एकटीने सरकवली होती. सोलता सोलता हात थांबत होता.

यांनी तोंड उघडलं. दसऱ्यानंतर पहिल्यांदा. "झ" म्हणाले.

एरवी मी "झाकण" म्हटलं असतं. खिडकीजवळ तांब्या होता, त्यावर झाकण नव्हतं. "झाडू" म्हटलं असतं, सालपटं पडली होती. ओठांवर आलंही होतं. तुझं ऐकलं म्हणून गप्प राहिले असं समजू नकोस. माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं, एवढंच. मी नुसती त्यांच्याकडे बघत बसले. परत "झ". कपाळाची शीर फुगली. डावा हात गादीवर आपटायला लागले. मला वाटलं, राहू दे, सोडून द्या आता, काय हवं ते बोटाने दाखवा. तेही मी बोलले नाही. बाहेरून ट्रक गेला, मग दुसरा गेला. कितीतरी वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतका वेळ एकमेकांकडे कधी बघितलं असेल असं वाटत नाही.

आणि मग म्हणाले, "झोप."

मला वाटलं त्यांना झोपायचं आहे. मी उशी नीट करायला उठले, तर मान हलवली. डाव्या हाताने माझ्या हातातलं शेंगांचं ताट ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"झोप वं," म्हणाले. "तू झोप."

हे तुझ्या धड्यात कुठेच नाही, रजत. चित्रही नव्हतं समोर.

मी तिथेच खाली चटईवर आडवी झाले. रडू आलं, पण ते येता येताच झोप लागली. उठले तेव्हा संध्याकाळ उलटून गेली होती, चहा राहिला होता, गोळी राहिली होती. हे मांडीवर ताट घेऊन जागे बसले होते. एका हाताने शेंगा काही सोलता आल्या नव्हत्या, दोन-चार चिरडल्या होत्या. पण मला उठवलं नव्हतं त्यांनी.

तुझी मामी,
सुनीती